तीन शिट्ट्यांचा अभ्यास

टक्!

एवढासाच आवाज झाला. पण स्वयंपाकघर इतकं गप्प होतं, की टेबलापाशी बसलेल्या दोघीही दचकल्या. एकीच्या हातून पेन्सिल सुटली. दुसरीने छातीवर हात ठेवला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, तू होतास होय!"

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना प्रेशर कुकर आहे. शेगडीवरून उतरवल्यावर थंड होता होता माझं झाकण असं एकदा तरी बोलतं. तुमच्या आजोबांचे गुडघे जिना चढताना बोलतात ना, त्यातलाच प्रकार. माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक पोचा आहे. दांड्याचा एक कोपरा वितळून बोथट झालेला आहे. तळाचं तर विचारूच नका. नव्या भांड्यांच्या रांगेत मला कोणी पाहुणा म्हणूनसुद्धा बसवणार नाही. पण त्या चकचकीत मंडळींना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. नावडता विषय कसा शिजतो, ते मी जवळून पाहिलं आहे. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तो कच्चा राहिला. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुरुवातीला मी अल्युमिनियमची एक सपाट, गोल चकती होतो. एका भल्या मोठ्या यंत्राने मला दाबलं आणि मी खोलगट झालो. मग मला घासलं, पुसलं, कडा वळवल्या, दांडे बसवले. शेवटी एका बाईंनी माझं झाकण लावून मला पाण्यात बुडवलं, आत हवा भरली आणि कुठून बुडबुडे येतात का, ते डोळे बारीक करून पाहिलं. आले नाहीत. "दाब सोसतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावर शिक्का मारला. ते माझं पहिलं प्रशस्तिपत्र. पुढे कळलं, की दाब काही एकटे कुकरच सोसत नाहीत. घरोघरी माणसंही सोसतात. फक्त त्यांना शिट्टी दिलेली नसते.

मला विकत घेतलं ते शर्टांना काजं-बटणं करणाऱ्या एका बाईने. या गोष्टीत ती पुढे आजी होणार आहे, म्हणून आपण तिला आत्तापासूनच आजी म्हणू. तिची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तीच पुढे या गोष्टीतली आई. तिला आपण आईच म्हणू, जरी त्या वेळी तिच्या दोन वेण्या होत्या आणि एकीची रिबीन कायम सुटलेली असे.

आजी दिवसभर शिलाईच्या कारखान्यात काम करून संध्याकाळी घरी येई. शाळा तिने तिसरीतच सोडली होती. मुलीचं गणिताचं पुस्तक तिच्यासाठी परक्या गावासारखं होतं. तिथला एकही रस्ता तिला ओळखीचा नव्हता. आणि मुलीचा तर गणिताशी छत्तीसचा आकडा! बाकी सगळे विषय ती गाणं म्हटल्यासारखे घोळवायची, पण गणिताची वही काढली की तिला तहान लागे, मग भूक लागे, मग पाय दुखत. एका संध्याकाळी आजीने मला शेगडीवर चढवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हे बघ, तुझी गणितं मला कळत नाहीत. पण तीन शिट्ट्या मोजता येतात. पहिली होईपर्यंत तोंड वाकडं करून घे. दुसरीपर्यंत वही उघड. तिसरी होईस्तोवर काहीतरी डोक्यात शिरलेलंच असेल. तिसरीनंतर तुला मी अडवणार नाही."

असा सुरू झाला तीन शिट्ट्यांचा अभ्यास. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! इतर कुकर नुसता भात शिजवत होते. मी एका मुलीला शिकवत होतो.

पण ती मुलगी हुशार होती आणि हुशारी नेहमी पुढच्याच दाराने जाते असं नाही. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, की शेगडीचं बटण जरा फिरवलं, आच वाढवली, की माझ्या शिट्ट्या भराभर होतात. झालं! आजी बाहेरच्या खोलीत उरलेली बटणं लावत बसे. आत ही हळूच उठे, बटण फिरवे, आणि मी बिचारा पोटाखाली ज्वाळा घेऊन एकामागून एक शिट्ट्या ठोकत सुटे.

"झाल्या का तीन?" बाहेरून आवाज.

"झाल्या!"

"इतक्यात?"

"तुझा कुकरच हुशार आहे, त्याला मी काय करू!"

रात्री जेवताना दाताखाली शेंगांचे कडक दाणे येत. आजी विचारी, "शेंगा कच्च्या कशा राहिल्या गं?" मुलगी मान वर न करता म्हणे, "जुन्या असतील." शेंगा जुन्या नव्हत्या, मित्रांनो. शिट्ट्या तीन झाल्या होत्या, पण वेळ एकीचाच मिळाला होता. वरून वाफाळलेलं आणि आतून कच्चं. तिच्या वहीतही अगदी तसंच होतं.

आजीला हे कळलं नसेल का? सगळ्यांना वाटतं, नाही. पण मी सांगतो, कारण ते फक्त मला माहीत आहे. माझा तळ रोज करपायला लागला होता आणि तो तिच्याच हातांनी घासला जायचा. एके दिवशी घासता घासता ती थांबली. माझ्या काळ्या तळावरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला का कळत नाही? पण रागावले, तर ती म्हणेल, मग तूच समजावून दे. आणि मी कुठून समजावू?" मग तिने पुन्हा घासायला घेतलं. तेव्हापासून मला रोज लख्ख घासलं जाई आणि घरात त्यावर चकार शब्द निघत नसे.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ती मुलगी सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात नापास. "पुन्हा देईन," ती म्हणाली. ते खरं होतं. त्या क्षणी तरी. पण मग एका दुकानात काम मिळालं. मग लग्न झालं. मग मुलगी झाली. "पुन्हा देईन" हे दोन शब्द दर वर्षी थोडे थोडे मागे सरकत गेले आणि एक दिवस कुठल्या तरी कपाटामागे पडले. आजी गेली तेव्हा तिच्या सामानातून आईने दोनच गोष्टी आणल्या. एक तिची काजं करायची कात्री आणि दुसरा मी. सामान उतरवताना मी जिन्यावरून तीन पायऱ्या गडगडलो. पोटावरचा पोचा तेव्हाचा.

नव्या घरात तिघं होती. आई एका रुग्णालयाच्या औषध-भांडारात कामाला होती. खोकी उचलायची, बाटल्या फळ्यांवर लावायच्या, चिठ्ठी आली की काढून द्यायच्या. बाबा सुतार होते. ते घरी आले की आधी त्यांच्या केसांतला भुसा यायचा आणि मग ते यायचे. आणि अकरा वर्षांची मुलगी. ती पेन्सिली कुरतडायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. शाळेत खारूताईचं सगळं बरं चाललं होतं. फक्त भूगोलापुढे तिने हात टेकले होते. नकाशा उघडला की तिला जांभई येई, इतकी मोठी की तीत दोन-तीन खंड सहज मावले असते.

आईने तिच्यासाठी तीन शिट्ट्यांचा अभ्यास पुन्हा सुरू केला. फक्त एक फरक होता. आई स्वतः शेगडीपाशी उभी राही.

"मी करते ना आच कमी-जास्त," खारूताई म्हणे.

"बटणाला हात लावायचा नाही. आच मंदच ठेवायची."

"का पण?"

"कुकरला चालत नाही."

अल्युमिनियमला लाजता आलं असतं, तर मी तेव्हा तांब्याचा दिसलो असतो.

मग ती बातमी आली. रुग्णालयाने ठरवलं, की भांडारात काम करणाऱ्यांपैकी एकीला औषधं तयार करून देण्याचं प्रशिक्षण द्यायचं. वर्षभराचं शिक्षण आणि मग खोकी उचलणं बंद. पांढरा कोट, खिडकीतलं काम. भांडारातल्या मोठ्या बाईंनी आईलाच आधी विचारलं. "तू डोळे मिटून बाटल्या ओळखतेस. अर्ज कर. शाळेचं शेवटचं प्रमाणपत्र तेवढं जोड." आई "बघते" म्हणाली. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर कांदा चिरायला घेऊन उभी होती आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं. कारण कांदा अजून सोललेलाच नव्हता.

बाबा दारात आले. "काय झालं?"

तिने सांगितलं. प्रमाणपत्र अडलं होतं ते एका विषयावर. पाच महिन्यांनी परीक्षा होती. ती दिली, तर अर्ज करता येणार होता. नाही दिली, तर बाहेरून कोणीतरी येणार आणि ही आयुष्यभर त्या कोणाच्या तरी हाताखाली खोकी उचलणार.

"मग दे की."

"अहो, चौतीस वर्षांची बाई शाळेतल्या पोरांच्या रांगेत बसून गणित सोडवणार? लोक हसतील."

"हसू देत. मी रांगेत पहिला उभा राहतो हसायला. म्हणजे बाकीच्यांची मजाच जाईल."

ती रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरला. पण खारूताईला काही सांगितलं नाही. ज्या मुलीला रोज "मी तुझ्याएवढी असताना तासन् तास बसायचे" म्हणून ऐकवलं, तिला कुठल्या तोंडाने सांगणार? गणिताचं पुस्तक तिने बटाट्यांच्या टोपलीत, बटाट्यांखाली दडवलं. आता घरात बटाटे रोज शिजतात, हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही, देव जाणे!

तिसऱ्याच दिवशी खारूताई बटाटे काढायला गेली.

"आई, या पुस्तकाला कोंब फुटतील. कोणाचं आहे?"

आईचा चेहरा पडला. तिने पुस्तक हातात घेतलं, मातीचे कण झटकले आणि सांगून टाकलं. सगळं नाही, नापास झाल्याचं तेवढं.

खारूताईने तोंडातली पेन्सिल काढली. "म्हणजे तू नापास झाली होतीस?"

"हो."

"गणितात?"

"हो, म्हटलं ना एकदा."

मला वाटलं, आता ही हसणार. पण तिने दोन्ही हात पसरून आईच्या कमरेला मिठी मारली आणि केवढ्या आनंदाने ओरडली, "म्हणजे तुलाही येत नाही!"

त्या संध्याकाळपासून टेबलावर दोन वह्या उघडू लागल्या. एक भूगोलाची, एक गणिताची. तीन शिट्ट्या दोघींना सारख्याच. खारूताईने त्यात स्वतःचा एक नियम घातला. तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद करायचा आणि माझी वाफ जिरेपर्यंत एकमेकींना एकेक गोष्ट सांगायची. कळलं असेल तर ते. कळलं नसेल तर नेमकं कुठे अडलं, ते. "मला काहीच कळत नाही" असं म्हणायला मात्र बंदी. आणि सांगून होत नाही, तोवर झाकण उघडायचं नाही. भूक लागलेली असली, की माणूस फार लवकर खरं बोलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

"मला या वेड्यावाकड्या गोल रेषा कळत नाहीत," खारूताई एकदा म्हणाली. "एकात एक. म्हणे हा डोंगर! डोंगर असा असतो का?"

आईने पुस्तक पाहिलं, तिलाही कळलं नाही. मग आईने अर्धा कांदा घेतला, टेबलावर पालथा ठेवला, आडव्या चकत्या कापल्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. सगळ्यात मोठी, मग लहान, मग त्याहून लहान. एकात एक.

"अगं बाई," आईच म्हणाली. "डोंगर वरून बघितलाय यांनी!"

खारूताईला त्या दिवशी भूगोल आवडला असं समजू नका. ती एवढंच म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं पुस्तकाला?" पण पुढची रेषा तिने जांभई न देता काढली.

आईचं गाडं मात्र रुतलेलंच होतं. मोठ्या बाईंनी तिला धीर दिला होता, "अगं, गणित तर रोजच्या जगण्यात असतं." आई घरी येऊन चिडून म्हणाली, "असेल! पण माझ्या जगण्यात हा क्ष कधी आला नाही. आला असता, तर मी त्याला विचारलं असतं, बाबा रे, तू कोण आहेस ते स्वतःच का सांगत नाहीस?" बाबा रंधा मारल्यासारखे खरखरून हसले.

तीन महिने गेले. तिने घरी एक सराव परीक्षा सोडवली. शंभरापैकी अठरा. तिने तो आकडा दोनदा तपासला. बेरीज तेवढी बरोबर आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी बसल्या. पहिली शिट्टी झाली. आई त्याच पानावर होती. आणि मग, मित्रांनो, मी जे पाहिलं ते मला बघवेना. तिचा हात उठला. वहीवरची नजर न काढता, जसा बावीस वर्षांपूर्वी उठायचा अगदी तसाच, तो हात शेगडीच्या बटणाकडे गेला. बटण फिरलं. माझ्याखाली ज्वाळा फुलली.

"आई!"

हात तिथेच थांबला.

"आच कोण वाढवतंय?" खारूताई उभी राहिली होती. "मला सांगतेस कुकरला चालत नाही म्हणून! चोराच्या उलट्या बोंबा!"

आईने बटण सोडलं. खुर्चीत टेकली. आणि मग जे सांगायचं राहिलं होतं, ते सगळं सांगितलं. भराभर शिट्ट्या. कच्च्या शेंगा. "झाल्या तीन" म्हणून मारलेली हाक. खारूताई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आणि आजीला कळलंच नाही?"

"तिला कसं कळणार गं? ती बिचारी बाहेर बटणं लावत असायची."

त्या क्षणी मला पहिल्यांदा आणि शेवटचं वाटलं, की मला शिट्टीऐवजी वाचा हवी होती. मी एवढंच सांगितलं असतं, की तिला कळलं होतं आणि तिने रोज माझा तळ घासला.

खारूताईने आच मंद केली. "आज चार शिट्ट्या," ती म्हणाली.

"चार?"

"शिक्षा."

आईने नाक पुसलं. त्या अठरा गुणांच्या कागदावरच्या चुका तिने एकेक करून पाहिल्या. मग तिने गणिताचं मोठं पुस्तक मिटलं आणि खारूताईच्या दप्तरातून तिचं सहावीचं पुस्तक ओढून काढलं. अपूर्णांक. "इथून कच्चं राहिलंय," ती म्हणाली. "इथूनच शिजवायला पाहिजे." खारूताईला अपूर्णांक येत होते. त्या संध्याकाळी अकरा वर्षांची शिक्षिका आणि चौतीस वर्षांची विद्यार्थिनी अशी शाळा भरली. शिक्षिका फार कडक होती. "हातचा कोण घेणार? शेजारीण?" असं काय काय बोलायची. चार शिट्ट्यांत फक्त तीन गणितं झाली. पण तिन्ही बरोबर.

मित्रांनो, त्यापुढचे दिवस असे होते की त्यांत सांगण्यासारखं काहीच नाही. रोज तेच टेबल, त्याच वह्या. एखाद्या दिवशी दोघींना बसावंसंच वाटत नसे. मग एक म्हणे, "तू बसतेस म्हणून बसते." दुसरी म्हणे, "मी तर तू बसलीस म्हणून बसलेय." आणि कोण आधी बसलं, हा घोळ मिटेपर्यंत पहिली शिट्टी झालेली असे.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. माझ्या झाकणातली रबरी रिंग कडक होऊन तिला चिरा पडल्या होत्या. कडेने वाफ फुसफुसायची. आई म्हणायची, "उद्या नक्की आणते." पण त्या दिवसांत तिचे सगळे उद्या गणिताला दिलेले होते.

त्या संध्याकाळी मला चढवलं, बटाटे घातले, झाकण लावलं आणि दोघी बसल्या. रिंगेतून वाफ निसटत राहिली. मी जीव एकवटून पाहिला, पण पोटात दाबच साठेना. शिट्टी होईना. मी वाट पाहिली, की आता एखादी मान वर होईल, "अजून कशी झाली नाही?" म्हणेल. एकही मान वर झाली नाही. आई ओठ हलवत काहीतरी मांडत होती. खारूताई कुठल्याशा वाऱ्यांना बाण काढत होती. माझ्यातलं पाणी कमी कमी होत गेलं. मग संपलं. बटाटे तळाला चिकटले. दांड्याचा कोपरा मऊ पडला. शेवटी माझ्या झाकणावरची छोटी सुरक्षा झडप वितळली आणि फुस्सकन धूर निघाला.

बाबा धावत आत आले. गॅस बंद केला, खिडकी उघडली. "काय जळतंय? दोघी इथे बसून नाकं गहाण टाकलीत का?"

"किती शिट्ट्या झाल्या?" आईने खारूताईला विचारलं.

"मला काय माहीत? तू मोजत नव्हतीस?"

"मला वाटलं, तू मोजतेयस!"

"एकही झालेली नाही," बाबा मला फडक्याने उचलत म्हणाले. "मी सव्वा तास झाला बाहेर काम करतोय. एकही नाही."

खारूताईने घड्याळाकडे पाहिलं.

"सव्वा तास?" खारूताई हळूच म्हणाली. "आई, आपण सव्वा तास बसलो?"

आणि त्या हसायला लागल्या. धुराने डोळे चुरचुरत होते, जेवायला काही उरलं नव्हतं, मी काळा ठिक्कर पडलो होतो, आणि त्या दोघी पोट धरून हसत होत्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या शिट्ट्या मोजल्या. त्या एका संध्याकाळी कोणाला त्यांची गरज लागली नाही. शिकवणाऱ्याला याहून मोठा मान तो कोणता?

पण मान मिळाला, तरी तळ करपायचा तो करपलाच. बाबांनी दुसऱ्या दिवशी नवा विजेचा कुकर आणला. तो शिट्टी वाजवत नाही. काम झालं की सभ्यपणे "टिंग" म्हणतो. मला माळ्यावर ठेवलं. माझ्या एका बाजूला काड्या मोडलेली छत्री होती, दुसऱ्या बाजूला खारूताईचे लहानपणीचे बूट. धूळ बसत गेली. खाली काय चाललंय, ते फक्त कानाने कळे. एका सकाळी गडबड ऐकू आली. "पेन घेतलंस?" "दोन घेतलीत." "आणि आई, आधी सोपं सोडव!" दार लागलं. मग कितीतरी दिवस मला काही उमजलं नाही. परीक्षा कशी गेली? निकाल काय लागला? माळ्यावरच्या वस्तूंना कोणी बातम्या सांगत नाही. मित्रांनो, करपण्याचं दुःख मी सोसलं, पण न कळण्याचं दुःख मला फार जड गेलं.

मग एके दिवशी माळ्याचं दार उघडलं आणि दोन हात आत आले. आईचे. तिने मला पुसलं, पिशवीत घातलं आणि एका अरुंद गल्लीत जिन्याखाली दुकान मांडून बसलेल्या भांडी-दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, नवा घ्या. याच्यात काही राम नाही."

"नवा आहे घरी. मला हाच हवाय."

"एवढं काय आहे याच्यात?"

"गणितात पास झालेय मी," आई म्हणाली. काकांना त्याचा अर्थ लागला नाही. पण मला लागला! शंभरापैकी बावन्न, असं तिने न विचारताच त्यांना पुढे सांगितलं. आणि येत्या सोमवारपासून प्रशिक्षण सुरू, हेही. काका म्हणाले, "बरं बरं, अभिनंदन," आणि कानस उचलली.

त्यांनी तळ खरवडला, नवी झडप बसवली, नवी रिंग घातली. जाताना आईला बजावलं, "शिट्टीचं भोक रोज धुवायचं, फुंकून बघायचं. रिंग कडक झाली की त्याच दिवशी बदलायची. उद्यावर टाकाल, तर उद्या करपेल." मित्रांनो, माझी तुम्हालाही हीच विनवणी आहे. तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या जुन्या, गरीब भांड्याकडे अधूनमधून बघा. आणि तुमच्या एखाद्या विषयात कुठे चीर पडली असेल, वाफ निसटत असेल, तर तिथेही त्याच दिवशी बघा. आच मोठी करून शिट्ट्या उरकू नका. त्याने बाहेरचे लोक फसतात, आतला दाणा फसत नाही. बसावंसं वाटत नसेल, तर कोणाला तरी सोबत घ्या आणि तीनच शिट्ट्या बसा.

हल्ली विजेचा कुकर सकाळचं बघतो आणि मी संध्याकाळचं. काल आई प्रशिक्षणाची पुस्तकं घेऊन घरी आली. पहिलं पुस्तक उघडलं, पहिला धडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. औषधांची प्रमाणं, टक्केवारी, ग्रॅमचे मिलिग्रॅम. पानभर गणित!

बाबांना हसू आवरेना. "घे! क्ष आला बघ परत. म्हणतो, ओळखलंत का?"

"तुम्ही आधी केसांतला भुसा झटका," आई म्हणाली, पण पुस्तक मिटलं नाही. समोर खारूताई पुढच्या इयत्तेचा भूगोल घेऊन बसली होती. या वर्षी तिला भूगोलात पन्नासपैकी एकतीस मिळाले; मागच्या वर्षी चौदा होते. पण नवं पुस्तक जुन्याच्या दीडपट जाड निघालं. तिने ते उघडलं, आत डोकावली, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. आईने बटाटे धुतले, मला चढवलं, आच मंद केली आणि तिच्या शेजारी येऊन पेन्सिलीला टोक काढू लागली.

"आई," खारूताई म्हणाली. "तू पास झालीस. मला एकतीस मिळाले. म्हणजे ते यायला तर लागलं, हो ना?"

"हो, लागलं की."

"मग आवडायला कधी लागतं गं?"